लहान मुलांचा पट्टा
मित्रांनो, मी साताऱ्यातला रिटायर फौजी. माझी बारावीतली लेक प्रणाली कित्येक महिने नीट जेवत नाही. मला तो हट्ट वाटायचा. मी ओरडायचो.

आज दवाखान्यात तिचं बीपी बघायला नर्सनं लहान मुलांचा पट्टा आणला. मोठा पट्टा तिच्या वाळलेल्या दंडाला ढिला पडत होता.

डॉक्टर म्हणाल्या, “हा हट्ट नाही, ॲनोरेक्सिया नावाचा मनाचा आजार आहे. ओरडू नका. शेजारी बसून जेवा.”

घरी येऊन तिच्याशेजारी बसलो. अर्धी भाकरी बघून ती रडायलाच लागली.

“पप्पा, भूक लय लागती. पण घास उचलला की भ्या वाटतं.”

ताट तसंच राहिलं.

सोमवारी मानसोपचार तज्ज्ञांकडे नेतोय. तोवर जेवताना तिच्याशी काय बोलू? कुणाचं लेकरू यातून बरं झालं असेल तर सांगा, हात जोडतो.