काकींची फुटकी पोळी

एकदा पाहिलेला पदार्थ काकींना दुसऱ्यांदा कधी चुकला नाही. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत बावीस खोल्या होत्या आणि त्या बावीस खोल्यांतलं जेवण काकींच्या दोन हातांत होतं. कोपऱ्यातल्या गुजराती कुटुंबाचं उंधियू, वरच्या केरळी नर्सची कांजी, खानदेशी मास्तरांचं भरीत, सगळं. कागदावर एक ओळ नाही. मी स्वतः सहा महिने करूनही आमटीत मीठ विसरणारी बाई, त्यामुळे मला तो प्रकार थेट चमत्कारच वाटे.

चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की आठ दिवसांच्या आत काकी एक रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या राहत. नाव, जात, नवऱ्याची नोकरी यातलं काहीएक न विचारता म्हणत, "तुमच्या गावचा काय तरी करून दाखव माका." मग भिंतीला टेकून बसत आणि करणारीच्या हातांकडे बघत राहत. पातेल्यात काय पडतंय याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. "सामान दुकानात गावता गो, हात गावणत नाय," असं त्या सांगत. महिन्या-दोन महिन्यांनी त्या घरातलं कुणी आजारी पडलं, की त्याच्या गावचा पदार्थ त्याच वाटीतून परत येई. तापातल्या नर्सनं एकदा त्यांची कांजी तोंडात घातली आणि ती भोकाड पसरून रडली. आम्ही घाबरलो, पण काकी तिच्या पायांवर पांघरूण घालत म्हणाल्या, "रडू देत. ताप उतरतलो."

माझ्या दारात त्या आल्या तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि आम्ही नुकतेच या चाळीत राहायला आलो होतो. मी सोलापूरची. ऑफिसातल्या एका कोकणी मुलाशी जातीबाहेर लग्न केलं, आणि त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलली नव्हती. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे माझं माहेर म्हणजे आईच होती. पहिल्या वर्षी मी तिला चार पत्रं पाठवली. उत्तर नाही म्हटल्यावर मीही हट्टाला पेटले आणि लिहिणं सोडलं.

काकींसाठी मी शेंगापोळी करायला घेतली. शेंगदाणे आणि गूळ यांचं सारण भरलेली ही पोळी म्हणजे आमच्याकडचा अभिमानाचा विषय. माझा अभिमान तव्यावर गेल्या गेल्या फुटला. पहिली पोळी कडेला चिरली, दुसरीचं सारण बाहेर येऊन जळलं, तिसरीचं काय झालं ते लिहीत नाही. काकींनी तुकडे निमूटपणे खाल्ले आणि विचारलं, "तुझी आवस कशी करता?"

"आठवत नाही. नीट पाहिलंच नाही कधी."

"मग विचार तिका."

"आई बोलत नाही माझ्याशी." मी जळका तवा खरवडू लागले.

काकींनी वाटी घासूनपुसून हातात घेतली. दारातून म्हणाल्या, "तुझ्याशी बोलत नाय. माझ्याशी कित्याक बोलूची नाय?"

दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड घेऊन हजर. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहायचं. "मी सांगतंय ता लिव. पदरचा एक अक्षर घालू नको." पत्रात त्या शुद्ध बोलत, जणू कुणी साहेबीण समोर बसली आहे. "ताईंना भांडुपहून काकीचा नमस्कार. तुमच्याकडची शेंगापोळी करायला घेतली. लाटताना कडेपासून चार बोटं आत चीर जाते. गूळ किसून घातला होता. काय चुकतं ते कळवावे." खाली पत्ता त्यांच्या खोलीचा. माझा उल्लेख कुठेच नाही. मी तरी घालीन म्हटलं, तर त्यांची नजर माझ्या पेनवर होती.

बारा दिवसांनी उत्तर आलं. आईचं ते ठसठशीत, उजवीकडे झुकणारं अक्षर मी लांबूनच ओळखलं. मजकूर एवढाच: "गूळ किसू नये. दाणे आणि गूळ एकत्र कुटावेत, तेल सुटेपर्यंत. सारण आणि कणीक सारखीच मऊ हवी." कशी आहे, कुठे आहे, काही नाही. मी कार्ड वाचून दाखवलं आणि पालथं टाकलं. काकी मात्र साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उत्तर इला!"

त्याच दुपारी त्यांनी दाणे-गूळ कुटले आणि पोळी केली. पापुद्र्यासारखी पातळ, सारण अगदी कडेपर्यंत, कुठे एक चीर नाही. आईच्या हातची म्हणून खपली असती. मी ती खात होते, तेवढ्यात काकींनी नवं कार्ड पुढे सरकवलं. "लिव. पोळी परत फुटली."

"काकी, फुटली कुठे?"

"फुटली म्हणतंय ना मी? लिव गप."

ज्या बाईनं चाळीत कधी, कशातही हार मानली नव्हती, ती मला सांगून लिहवून घेत होती की तिला पोळी जमत नाही. एकदा नाही, वर्षभर. दर महिन्याला काकींच्या पोळीला काही ना काही नवं दुखणं होई. कधी तव्याला चिकटे, कधी फुगे, कधी दुसऱ्या दिवशी कडक होई. आईची उत्तरं हळूहळू लांबत गेली. तुमच्याकडचं पाणी जड आहे का, गूळ कुठला घेता, स्टोव्ह आहे की गॅस. मग एका पत्रात तिनं विचारलं, "कणीक कोण मळतं?"

काकींनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. मग सांगू लागल्या, "शेजारची एक मुलगी मळते. हाताला बरी आहे. पण तिला सध्या जोर लावून मळवत नाही, सहावा महिना आहे."

माझा हात थांबला.

"कणकेचा सांगतंय मी," काकी म्हणाल्या. "लिव."

मी लिहिलं. शाईवर एक थेंब पडला तेवढा पुसला. आठव्याच दिवशी उत्तर आलं: "त्या मुलीला कणीक मळू देऊ नका. पत्रातून हात शिकवता येत नाही. मी येते."

आई आली ती सरळ काकींच्या खोलीत. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पिशवीत सोलापूरचे दाणे आणि गूळ आणला होता, तो काढून ती पाटावर बसली. दारात अर्धी चाळ जमलेली. काकींनी लाटणं घेतलं आणि पोळी लाटली, ती मधोमध फाटली. दुसरी लाटली, तीही फाटली. मी तोंडाला पदर लावून उभी. बाहेर कुणीतरी कुजबुजलं, "काकींचा हात गेला की काय?" त्यांना ते ऐकू गेलं असणारच, पण त्यांनी मान वर केली नाही. आईनं त्यांच्या मनगटावर हलकी चापट मारली, "अहो, जोर कशाला? कडेनं लाटा, कडेनं." तिसरी पोळी दोघींनी मिळून लाटली आणि ती अखंड उतरली. काकी एखाद्या पोरीसारख्या खूश झाल्या. मी बरीच माणसं मोठेपणा मिरवताना पाहिली आहेत, पण आपला मोठेपणा चारचौघांत असा सहज खाली ठेवणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

तव्यावरची नजर न हलवता आई म्हणाली, "तू बस खाली. पाय सुजलेत तुझे."

चार वर्षांनंतर ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी बसले ती रडतच. आई पंधरा दिवसांसाठी आली होती, पण मला मुलगी होऊन ती चार महिन्यांची झाल्यावरच परतली.

पुढच्या वर्षी काका कामाला होते ती गिरणी बंद झाली आणि काकी कणकवलीजवळच्या आपल्या गावी निघून गेल्या. टेम्पोत सामान चढलं तेव्हा सगळी चाळ रस्त्यावर उभी होती. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "स्टोव्हवर दूध ठेवून इलंस ना? जा." खरंच ठेवलं होतं. मी परत येईपर्यंत टेम्पो उतारावरून गेलेला.

त्या वारल्याची बातमी दोन वर्षांनी आली. तेव्हा मी मुलीला घेऊन सोलापूरला होते. ऐकून आईनं कपाटातून एक पत्र आणून माझ्यापुढे ठेवलं. काकींनी गावाहून तिला पाठवलेलं. लिहिलं होतं, "ताई, पोळी मला पहिल्यापासून येत होती. खोटं बोलले, राग मानू नका."

"मला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं," आई म्हणाली. "चीर कडेपासून किती बोटं जाते ते जिला सांगता येतं, तिला पोळी येत नाही होय? पण अक्षर बघ."

मी पाहिलं. बारीक, सरळ, वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. खाली लिहिलं होतं, "हे अक्षर माझंच आहे. तेव्हा मुद्दाम तिच्याकडून लिहवून घेतलं."

पत्र परत ठेवायला मी कपाट उघडलं. भांडुपची माझ्या हातची सगळी कार्डं तिथे एका रुमालात बांधलेली होती. पोळी चिरते, पोळी चिकटते, पोळी कडक होते, याखेरीज त्यांत काही नव्हतं. तरी हाताळून हाताळून त्यांचे कोपरे कापसासारखे मऊ झाले होते आणि माझं अक्षर जागोजाग पुसट झालं होतं.