हिरवी खूण

केशवरावांनी धर्मेंद्रला ग्रुपमधून काढून टाकलं तेव्हा त्याच्या हातातला चहासुद्धा गार झाला नव्हता. व्हॉट्सॲपचा ग्रुप, समाजाचा. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत भाजी आणि फुलं पिकवणारी नात्यागोत्यातली सगळी घरं त्यात, आणि केशवराव, म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे निवृत्त मास्तर, त्याचे ॲडमिन. शाळेच्या फाटकावर उशिरा येणाऱ्या पोरांना ते जसे अडवत, तसेच आता ग्रुपच्या दारात बसलेले. स्थळं चालतील, वाढदिवस चालतील, कोणी गेलं तर दिवसभर जोडलेले हात चालतील. जाहिरात चालणार नाही. आणि धर्मेंद्रने टाकली होती ती जाहिरातच, दुसरं काय?

तसा पोरगा वाईट नव्हता. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत चांगला रुळला होता. पण लहानपणापासून त्याने एक गोष्ट पाहिली होती: तोडलेली फुलं रस्त्याच्या कडेला, आणि त्यांच्याशेजारी गाडीची वाट बघत उभा बाप. ते त्याच्या मनातून जाईना. म्हणून नोकरी सोडून तो बडनेऱ्याला परत आला आणि त्याने ‘सोबत’ नावाचं ॲप बनवलं. काम सोपं. माल तोडला की शेतकऱ्याने फोनवर पोत्यांचा आकडा टाकायचा. एका वाटेवरच्या चार-पाच जणांचा माल एका गाडीत बसवून गाडी बाजारात जायची. हिरवी खूण दिसली की नोंद झाली. कागदावर सगळं झकास होतं. फक्त वापरणारा कोणी नव्हता.

आधी त्याने फेसबुकवरचे फुलवाल्यांचे, शेतीचे, होते नव्हते तेवढे सगळे ग्रुप पालथे घातले. ‘छान भाऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटले. ॲप घेणारे थोडे, आणि घेऊन टिकणारे त्याहून थोडे. पुण्याच्या स्टार्टअपवाल्या पोरांचा एक ऑनलाइन अड्डा होता, तिथे त्याने रडगाणं गायलं. तिथल्या शहाण्यांनी सांगितलं, पहिली माणसं आपल्या माणसांतून मिळव, तीच तुला खरं सांगतील. सल्ला पुण्यात खरा असेलही. आपल्याकडे परका माणूस खरं बोलतो आणि आपला माणूस मन राखतो, हे त्या पोरांना कोण सांगणार? धर्मेंद्रला तरी कुठे सुचलं?

त्याने केशवरावांना फोन लावला. मास्तरांनी आधी यथेच्छ झापलं, मग विरघळले.

“हे पाय बाबू, तू टाकलं तं जाहिरात होते,” ते म्हणाले. “तुह्या बापाच्या आवाजात टाक. मंग ते जाहिरात नाई राहत, घरची गोष्ट होते.”

शेषराव, त्याचे वडील, मोजकं बोलणारे. भावाभावांच्या विहिरीच्या पाण्याचे तंटे त्यांच्या ओसरीवर मिटलेले; त्यांनी ‘असं करा’ म्हटलं की माणसं मुकाट्याने तसं करीत. म्हणूनच की काय, हा माणूस उभ्या जन्मात कोणाला साधं बियाण्याचं नाव सुचवत नसे. उगवलं नाही तर? लोक बियाण्याला नावं ठेवणार नाहीत, आपल्याला ठेवतील, असं त्यांचं गणित. असल्या माणसापुढे धर्मेंद्र फोन धरून बसला.

“मले त्यातलं समजत नाई,” शेषराव म्हणाले.

“तुमाले समजाची गरजच नाई, बाबा. फक्त सांगा की माहं आहे म्हनून.”

दोन-तीन दिवस ते टाळत राहिले. पण पोरगा पुण्याची नोकरी सोडून घरी बसला आहे, गल्लीत विचारणारे विचारतात, आणि त्याचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललंय हे त्यांनाही दिसत होतं. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि बोलले. “रामराम मंडळी. मी शेषराव, बडनेऱ्याचा. हे माह्या पोरानं बनवलं आहे. मले त्यातलं काई समजत नाई. पन पोरगा माहा आहे. इश्वास ठेवा.” एवढंच.

एवढंच पुरलं! दुपारपर्यंत धर्मेंद्रचा फोन वाजून वाजून गरम झाला. काका, मामा, साडू, व्याही, ज्यांना फोनवर नाव टाइप करता येत नव्हतं त्यांनी नातवंडांकडून करून घेतलं. केशवरावांनी स्वतः शेषरावांचा आवाज ग्रुपच्या वर टाचून ठेवला आणि धर्मेंद्रलाही परत आत घेतलं. रोज नोंदी येऊ लागल्या, गाड्या भरून जाऊ लागल्या. धर्मेंद्र मधूनमधून ग्रुपवर विचारी, काही अडचण? उत्तरात जोडलेले हात आणि अंगठे. एकाचीही तक्रार नाही. आपलं पोर हुशार निघालं म्हणून शेषरावसुद्धा गालात हसले, आणि त्यांचं हसणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

तक्रार एकट्या सागरची. हा मुर्तिजापूरकडचा कोणी फेसबुकवर भेटलेला माणूस, ना ओळखीचा ना पाळखीचा. त्याने लिहिलं, “शिवारात नेट नाई, तरी तुमचं ॲप हिरवी खूण देते. नोंद जाते घरी गेल्यावर. खोटं काहून दाखवता भाऊ?” धर्मेंद्रला हे माहीत होतं. त्यानेच तसं केलं होतं. सुरुवातीला नेट नसलं की लाल खूण यायची, आणि शेषराव ती पाहून हात झटकायचे, बिघडलं म्हणायचे. वयस्कर माणसं बिचकू नयेत म्हणून त्याने खूण आधी हिरवी करून टाकली. नेट आलं की नोंद आपसूक जाईलच, तासाभराने काय बिघडतं? आमच्या एवढ्या माणसांत कोणाला अडचण नाही, यालाच बरी आली, असं म्हणून त्याने सागरला ब्लॉक केलं. मला तर वाटतं, त्या एका बोटाच्या दाबण्याने त्याने आपला एकुलता एक मित्र घालवला.

मनकर्णाबाई शेषरावांची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तिवस्याजवळच्या खेड्यात एकटी राहून झेंडू लावायची. तिला ॲप शिकवायला धर्मेंद्र मुद्दाम गेला. तिने पोती टाकली, हिरवी खूण पाहिली, आणि लगेच गाडीवाल्या नत्थुजीला फोन लावला. त्यांचा छोटा हत्ती, म्हणजे मालाचा टेम्पो, त्या वाटेने रोज अमरावतीला जायचा.

“आत्या, फोन कायले करून राहिली?” धर्मेंद्र चिडलाच. “फोनच करायचा होता तं मी हे बनवलं कायले? हिरवी खूण दिसली की झालं. गाडी येईनच.”

तिने ओशाळून फोन ठेवून दिला. “नाई करत बाप्पा,” म्हणाली. “तू म्हनशीन तसं.”

झेंडूवाल्याचं वर्ष एका दसऱ्यावर उभं असतं. आदल्या दिवशी फुलं बाजारात पोचली तर पोचली; दसरा उलटला की तोडलेल्या झेंडूकडे गायसुद्धा बघत नाही. मनकर्णाबाईने खंडेनवमीला सकाळपासून दोन बायका लावून तोडा केला. मळ्यातच फोन काढून पोती टाकली. हिरवी खूण आली. ती निवांत कामाला लागली. तिकडे बडनेऱ्याला धर्मेंद्र पडद्यावर नोंदींचा पाऊस बघत होता आणि पुण्याच्या अड्ड्यावर त्याचे फोटो टाकत होता. पोरं त्याचं अभिनंदन करत होती. त्या पावसात आत्याचं नाव नव्हतं. त्याने शोधलंही नाही. शोधायचं कारण काय, सगळं तर चाललं होतं!

दसऱ्याला दुपारी तो आपट्याची पानं घेऊन आत्याकडे सोनं द्यायला निघाला. दरवर्षी जायचा, यंदा तर मिरवायलाच. अंगणात शिरण्याआधीच आंबूस वास नाकात गेला. भिंतीला लावलेली पोती होती तशीच होती. त्याने एकाला हात लावला तर आतून चटका बसेल इतकं गरम. झेंडू उबला होता.

“ये रे बाप्पा,” मनकर्णाबाई म्हणाली. “बस. चहा ठेवते.”

“आत्या, गाडी नाई आली?”

“दिवस बुडेपर्यंत सडकेवर उभी होती. नत्थुजीचा हत्ती गेला समोरून, खच्चून भरला होता. त्यानं पाह्यलंबी नाई. सकाळी गेली पुन्हा. दसऱ्याच्या दिवशी रिकामी गाडी कुठची?”

“मंग फोन काहून नाई केला त्याले? मले तरी करायचा!”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिला खरोखर नवल वाटलं होतं. “तूच तं म्हटलं होतं, फोन नाई करायचा,” ती म्हणाली. “हिरवी होती ना खून. म्या दोनदा पाह्यलं. म्हटलं उशीर होत असीन, पोराचं काम हाय, येईनच. मंग सडकेवरच फोनबी मरून गेला.”

तिचा फोन चुलीजवळच्या फळीवर बंद पडून होता. दुसरं काही सुचेना म्हणून धर्मेंद्रने तो उचलून चार्जिंगला लावला. चहा उकळत होता. थोड्या वेळाने फोन जागा झाला, घरातलं नेट त्याला मिळालं, आणि धर्मेंद्रच्या खिशात टण्ण वाजलं. त्याने आपला फोन काढून पाहिला. नवीन नोंद, मनकर्णाबाई, झेंडू, गाडी हवी.

तो अंगणात गेला आणि त्याने नत्थुजीला फोन लावून सगळा राग त्या बिचाऱ्यावर काढला. बाईमाणूस सडकेवर उभं होतं, दिसलं नाही का?

“भाऊ, आत्याबाईचा फोनच नाई आला मले,” नत्थुजी म्हणाले. “मले वाटलं औंदा दुसऱ्या गाडीनं धाडते.”

“फोन कायले पायजे? बाकीच्या नोंदी दिसल्या ना?”

नत्थुजी अवघडून बोलले. “आता राग नका मानू. नोंदी पाह्यतो कोन? समदे आधी तुमच्या त्याच्यात टाकतात, मंग मले फोन करतात. म्हनतात, शेषरावजीनं सांगतलं म्हनून टाकलं बरं, पन तू ये. पयल्या दिवसापासून असंच हाय. तुमचं मन कायले मोडा, म्हनून कोनी बोललं नाई.”

धर्मेंद्र पोत्यांशेजारी खाली बसला. एवढा गोतावळा, एवढे अंगठे, एवढे जोडलेले हात. त्याच्या ॲपवर खरोखर विसंबलेलं माणूस सगळ्या वऱ्हाडात एकच निघालं, आणि ते या घरात चहा गाळत होतं. आत्याने कप आणून दिला, त्याच्या हातून आपट्याची पानं घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “सोन्यासारका राय,” म्हणाली. एकदा रडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ते सुखही तिने त्याला दिलं नाही.

तो घरी पोचला तेव्हा ओसरीवर सोनं द्यायला आलेल्यांची रीघ संपत आली होती. बातमी त्याच्याआधी पोचलेली. माणसं येत होती, शेषरावांच्या पाया पडत होती, पानं देत होती आणि पोराबाळांची चौकशी करून जात होती. मनकर्णाबाईचं नाव कोणी काढलं नाही. ॲपचंही नाही. आपल्यासमोर माणसं काही बोलायचं टाळतायत, हे शेषराव आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. शेवटचा माणूस गेल्यावर त्यांनी पोराला जवळ बोलावलं.

“ते माहं बोलनं काढून टाक तिथलं,” ते म्हणाले.

धर्मेंद्रने फोन घेतला. आवाज अजून ग्रुपच्या वर टाचलेला होता, केशवराव तो वरून काढू शकले असते. पण खाली, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गेलेला तो आवाज पुसायची मुदत केव्हाच टळली होती.

“ते आता निंगत नाई, बाबा.”

“तुह्यानं बी नाई निंगत?”

“नाई.”

शेषरावांनी मान हलवली. रागावले नाहीत. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली. बहिणीकडे निघाले असावेत. मग दारातून परत फिरले आणि आपला फोन त्यांनी धर्मेंद्रपुढे धरला.

“मंग मले बाहीर काढ,” ते म्हणाले. “मले त्यातलं समजत नाई. कुठं दाबाचं, ते तू दाब.”

धर्मेंद्रने दाबलं. शेषराव ग्रुपमधून बाहेर पडले, अशी बारीक करडी ओळ सगळ्यांच्या फोनवर उमटली. का म्हणून एकानेही विचारलं नाही. तिच्याखाली लगेच केशवरावांच्या दसऱ्याच्या शुभेच्छा आल्या, त्यांच्याखाली जोडलेले हात येऊ लागले, आणि सगळ्यांच्या वर, टाचून ठेवलेल्या जागी, शेषराव विश्वास ठेवा म्हणत राहिले.