वरवंट्याची कुंची

घरात काही फुटले की मावशींना हजार वर्षांनंतरचे विद्वान आठवत. खापर परसात पुरून त्या म्हणत, "शाणी माणसं उकरत्याल आन् म्हणत्याल, लय जागृत देवी हुती हितं!" तासगावात त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो आणि चळवळीची पत्रके चोरून छापत होतो.

विद्वानांवरच्या रागाला कारण होते. विहीर उपसताना निघालेली तुटकी पळी एका पाहुण्या पंडितांनी यज्ञातली ठरवली. "आवं, माज्या सासूची हाय ती. माज्याच पाठीत मोडली," मावशींनी सांगून पाहिले. पंडितांनी ते टिपून घेतले नाही. चूक दिसली की दुरुस्त करायची हा माझा बाणा. मी लगेच खरमरीत पत्र लिहायला बसलो. मावशींनी दौत उचलून नेली.

"आपला लढा पुढच्यांना पत्रकांतून कळेल," मी म्हणे.

"कागूद वाळवी खाती रं. वरवंटा उरंल. त्येला आमी बारशाला कुंची घालून पाळण्याखालनं फिरवतो, ह्ये त्यास्नी कोण सांगंल?"

शेजारच्या बाळाचे बारसे मावशींच्या सोप्यात होते, त्याच दिवशी झडती आली. बाकीचे सामान आदल्या दिवशीच हलवले होते. शाईचा रूळ तेवढा माझ्या हातात राहिला. तो सापडता तर मी तुरुंगात आणि छपाई बंद. मावशींनी तो हिसकावून घेतला, वरवंट्याची कुंची काढून त्याला चढवली आणि फौजदार उंबऱ्यात असताना पाळण्याखालून पुढे केला. "कुनी गोविंद घ्या!"

समोरच्या बाईला तो हलका लागला. तिने मावशींकडे एकदा पाहिले आणि दुप्पट जोरात म्हणाली, "कुनी गोपाळ घ्या!"

फौजदाराने पिठाचे डबेसुद्धा पालथे केले. मग त्याने कुंचीकडे बोट दाखवले. हवालदार चपापला. "साहेब, वरवंटा हाय त्यो!" आणि त्याने हात जोडले.

मावशींनी दोघांना घुगऱ्या दिल्या. ते गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ लेका! हजार वर्सं कशाला लागत्यात?"

स्वातंत्र्य आलेले मावशींनी पाहिले. पुढचा उन्हाळा मात्र पाहिला नाही. रूळ माझ्याकडे राहिला. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या बारशाला घरात वरवंटा असूनही मी तोच पुढे केला. रिवाजाप्रमाणे त्याला तेल लावले, तशी जुनी शाई सुटली आणि नव्या कुंचीवर काळा डाग पडला.

"तीट फिसकटली, दुसरं काय!" शेजारणींनी ठरवून टाकले.

मी तोंड उघडले होते. मावशी आठवल्या, आणि मी निमूटपणे घुगऱ्या वाटू लागलो.