मारबतीच्या दिवशी राहिलेली तपासणी

धुरपताबाईला गप्प बसलेलं गोरेगावच्या शिवारात कुणी पाहिलं नव्हतं. भाताच्या रोवणीत बायांची टोळी घेऊन ती चिखलाच्या बांधीत उतरली, की तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "कंबर मोडली का वं तुही? हात चालव, पऱ्हे वाळून राहिले!" भूपेंद्र पोटात होता तेव्हा कळा सुरू झाल्या त्या बांधीतच, अन् हातातली रोपांची पेंडी लावून मगच ती घरी गेली, ही गोष्ट टोळीला पाठ होती.

म्हणून सून भूमिकाला जुळं आहे, दर पंधरा दिवसांनी गोंदियाला तपासायला आणा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा धुरपताबाईला पटेचना.

"दुखते का तुले?"

"नाई, आत्याबाई."

"मंग कायले जाता?"

भूमिका हळू बोलणारी, पण मुद्दा न सोडणारी. "दोघांचा भार हाये ना. पिशवीचं तोंड आखूड होऊन राहिलं का, ते मोजतेत. झालं तं लेकरं येळेआधी येतेत."

"तोंड मोजतेत म्हणे! माह्या तोंडाचं माप घ्या म्हणा, फीत पुरणार नाई."

दोनदा जाऊ दिलं. दोन्हीदा सगळं ठीक निघालं. तिसरी खेप आली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी गावातली सगळी रोगराई मारबतीच्या पुतळ्याच्या माथी मारून तिला शिवेबाहेर नेतात. ती ज्या वाटेनं जाते, त्या वाटेनं पोटुशीनं जायचं नाही, ही धुरपताबाईला तिच्या सासूची ताकीद.

"आई, आपण मारबतीच्या आधीच निघून जाऊ," भूपेंद्र म्हणाला.

"मोठा शायना! दोन-दोन जीव हायेत पोटात. आठ दिवसानं काई होत नाई."

ही तपासणी आठवड्यातून एकदाच व्हायची. आठ दिवस गेले. भूमिकाला ना दुखलं, ना पोट कडक आलं. सणाच्या उरलेल्या करंज्या तिनं मागून खाल्ल्या.

पुढच्या वेळी धुरपताबाई मुद्दाम सोबत गेली, डॉक्टरीणबाईंना दोन शब्द सुनावायला. बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहिलं. परत पाहिलं. मग नर्सला म्हणाल्या, "स्ट्रेचर लाओ. इसको चलने मत देना."

"काऊन जी? का झालं?"

"अम्मा, बच्चेदानी का मुँह खुल रहा है. और सातवाँ भी पूरा नहीं हुआ."

"पण दुखलंच नाई ना तिले!"

"कभी-कभी नहीं दुखता. इसीलिए तो नापते हैं."

बाळंतपण कळा देऊन येतं, एवढंच धुरपताबाईला ठाऊक. हे असं मुकाट्यानं? खेकडा बांधीच्या पाळीला, मातीच्या बांधाला, आतून भोक पाडतो, वर गवत हिरवंगार असतं, अन् सकाळी पाणी वाहून बांधी कोरडी. त्याच धाकानं ती दर पावसाळ्यात पाळीवर पाय दाबत फिरायची. आणि इथं?

"आठ दिवसांआधी आणली असती तं?" तिनं विचारलं.

"शायद दवा से रुक जाता. कह नहीं सकती, अम्मा."

भूमिकाला भरती केलं, लेकरांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. सासू पायथ्याशी बसून राहिली. टोळीतल्या बाया भेटायला आल्या. "काकू, एखादी शिवी तं द्या," शामकला म्हणाली. काकूनं भूमिकाच्या पायावरची चादर नीट केली.

दसऱ्याला, आठवा लागतो न लागतो तोच, दोन पोरी आल्या. काचेच्या पेटीतली धाकटी मधूनच श्वास घ्यायची विसरायची, यंत्र ओरडायचं, नर्स धावत यायची. धुरपताबाई काचेपासून हातभर लांबच. "जवळ या ना, आत्याबाई," भूमिका म्हणाली. "लावा हात."

"नको वं. माह्याच हाताचं भेव वाटते मले."

यंदाच्या रोवणीत दोघी पोरी झाडाखाली झोळीत होत्या. धाकटी अजून चिमणीएवढी, पण रडणं आजीसारखं. टोळीचा हात भराभर चालू होता, भूपेंद्र बांधावरून पेंड्या टाकत होता. शामकला वाकल्या वाकल्या म्हणाली, "काकू, मलेबी दोन सांगतले. पर दुखत तं काईच नाई." अन् हसली.

धुरपताबाईच्या हातातली पेंडी पाण्यात पडली.

"मोजलं का?"

"का मोजलं?"

"हासतं कायले वं? नीघ बांधीतून. नीघ म्हणतो ना! भूपेंद्रा, गाडी काढ!"