नानांच्या वहीतलं 'काबर'

नाना गेल्याचं मला ज्यानं फोनवर सांगितलं त्यानंच त्यांना मारलं असं मी म्हणते... डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक, पोलीस अजून काहीच म्हणत नाहीत, पण मी म्हणते. दुपारी माझ्या लेकीला, परीला खिचडी भरवत होते आणि धुळ्याहून सरांचा फोन आला, "वहिनी, नाना आमच्या क्लासच्या जिन्यावर बसले ते उठलेच नाहीत." आणि लगेच पुढं, "त्यांचा मोबाईल मी घेऊन ठेवलाय, काळजी करू नका." माणूस गेला आणि हा मोबाईलचं सांगतो! तेव्हा मला कळलं नाही, मी नुसती रडत सुटले. दीड महिना झाला आता. नाव छापता येणार नाही असं छापणारे म्हणाले म्हणून सर लिहिते, मनात वेगळंच म्हणते.

नाना म्हणजे माझे सासरे. अमळनेरला जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर शेअरचा नाद लागला, पण जुगार नाही हां. लाल कापडाची लांबोडकी वही होती त्यांची, व्यापाऱ्यांकडं असते तशी, पण तिच्यात पैशाचा एक आकडा नाही. डावीकडं कंपनीचं नाव आणि उजवीकडं वर लिहिलेलं, काबर. म्हणजे का. का घेतोय ते एका ओळीत लिहायचं, मगच मोबाईलवर बटण दाबायचं. सकाळी सव्वानऊला परीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचे आणि मला हाक मारायचे, "पोरी, हाऊ साबण आपला घरमा येस का?" मी म्हणायचे, येतो ना. "अन् गल्लीमा?" सगळ्यांकडं येतो. "मंग लिख." मी नववीपर्यंत शिकलेली, तरी मलाच लिहायला लावायचे, म्हणजे मला कळावं म्हणून. एकदा व्हॉट्सॲपवर आलेलं कसलं तरी नाव मी वाचून दाखवलं, महिन्यात डबल होणार म्हणे. नाना म्हणाले, "काय बनाडस ती कंपनी?" काय बनवते ते मला काय माहीत! "काबर ते लिखता येत नही ना, मंग लेवानं नही." आणि परीला म्हणाले, "तुनी माय डबल करी रायनी, तू आते विमानमाच बसशी." शेअर म्हणजे दुकानात भागी, दुकान चालतंय तोवर गप बसायचं, आणि ऑप्शन म्हणजे मुदतीची पैज, मुदत गेली की हातात काही नाही, हे मला त्यांनीच चुलीसमोर बसून समजावलं. पैजेकडं ते कधी गेले नाहीत. कधीच नाही.

सर आमच्याकडं यायला लागले ते नानांचे पाय धरत. धुळ्यात शेअरचा क्लास, अंगावर इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. नानांनी जिनिंगमध्ये शेठजींचं वहीपूजन जन्मभर लांबून बघितलेलं. पूजा झाली की पहिली ओळ मानाच्या माणसानं लिहायची. मागच्या दिवाळीत त्यांनी आपल्या वहीचं तसंच पूजन केलं, आणि विसरायला होतं म्हणून पहिल्या पानावर श्रीच्या खाली ॲपचा आयडी, पासवर्ड, पिन सगळं लिहून त्यावर कुंकू वाहिलं. मी म्हटलं, नाना, हे असं लिहितात का? म्हणाले, देवापुढे शे, कोण चोरी? आणि मानाचा माणूस म्हणून सरांना बसवलं. सरांनी त्याच पानावर हिरव्या पेनानं शुभ लाभ लिहिलं. कुंकवाचं ताट मीच धरलं होतं... मीच.

पुढं एकदा सरांचा फोन आला, नाना, तुमचं खातं अपडेट करतोय, नंबर आलाय तो सांगा. नानांनी सांगितला. मानाचा माणूस ना! नाना तर एकदा घेतलं की महिनोनमहिने ॲप उघडायचे नाहीत. तेवढ्यात यानं सगळे शेअर विकले आणि ऑप्शनच्या पैजा लावत बसला, दिवसाला कितीतरी, कारण प्रत्येक सौद्यामागं दलालीतला वाटा त्याला. नानांनी ॲप उघडलं तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं. त्यांनी वही उघडून शेवटपर्यंत बोट फिरवलं, म्हणाले, "यामा तं काबर लिखेलच नही." आणि टोपी घालून धुळ्याची बस धरली.

मोबाईल परत आला तो कोरा, ॲप नाही, मेसेज नाही. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी, सर आले, परीच्या पप्पांच्या गळ्यात पडून रडले, पंगतीत बसले आणि मी त्यांना वाढलं. जाताना परीला उचलून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, नाना सौदे स्वतःच करायचे. ती वही मला द्या, आठवण म्हणून. आणि लेकरू लहान आहे, जपा." तेव्हापासून दाराची कडी दिवसासुद्धा लावते. परीचे पप्पा म्हणतात, जाऊ दे ना गं, आपल्याला इथंच राहायचंय. मी म्हटलं, त्याला पण इथंच राहायचंय!

त्याला एक माहीत नाही. नानांना ईमेल नव्हता, खात्याला माझा दिलेला. रोजच्या सौद्याचा कागद मला येत होता, इंग्रजीत, मी जाहिरात समजून सोडून द्यायचे... हे मला आयुष्यभर खाणार. आता नानांचा पॅन नंबर टाकून एकेक उघडला, वर वेळ असते. साक्रीकडं कुलदैवताला परीचं जावळ काढलं त्या दिवशी सकाळी अकराला सतरा सौदे! तेव्हा नाना टाळ्या वाजवत परीला हसवत होते, माझ्याकडं फोटो आहे, आणि त्यांचा मोबाईल घरी चार्जिंगला राहिलेला. पासवर्ड मी कधी बघितलाच नाही असं सर पोलिसांना सांगून आलेत. बघितलाच नाही? मग त्याच्याच खाली हिरवं शुभ लाभ कुणाच्या हातचं?

वही परीच्या झोळीत गोधडीखाली ठेवलीय, ती वर झोपते. उद्या पहिल्या बसनं जळगावला सायबर पोलिसांकडं न्यायचीय. भीती वाटते, पण नेणार. त्याला क्लासच्या त्याच जिन्यावरून पोलिसांनी उतरवलेला मला बघायचाय, परीला कडेवर घेऊन. आज वहीत एक ओळ मी लिहिली, नाना गेल्यानंतरची पहिली. डावीकडं त्याचं खरं नाव, आडनावासकट. आणि उजवीकडं, काबरखाली... नाना जिन्यावर बसले तेव्हा यानं आधी त्यांचा मोबाईल उचलला.