टाकी नंबर दोनमधलं खत

"मॅडम, तुमच्या कचऱ्याने आमची रोपं मारली!" सेक्रेटरी भर मीटिंगमध्ये ओरडले.

मी शेतकीची पदवीधर. ठाणे-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करून देते, त्यावर बाग उभी करते. डोंबिवलीच्या या सोसायटीत ऐंशी कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीला एक कुंडी वाण म्हणून द्यायची, ही महिला मंडळाची कल्पना. सणाला दोन आठवडे उरले आणि निम्म्या रोपांची पानं कडेने करपली.

"कंपोस्टच्या टाक्या काढून टाका. रासायनिक खताची गोणी आणली की झालं." सेक्रेटरींनी ठरावच मांडला.

"चार दिवस द्या. खताची चूक निघाली तर टाक्या मी स्वतः उचलून नेते."

"कचऱ्यात हात घालायला डिग्री कशाला लागते हो?"

"हात घालायला नाही लागत. त्यातलं कळायला लागते."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. असलं ऐकून मान खाली घालायला मी शिकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गच्चीवर गेले. सगळ्या कुंड्यांना ऊन तेच, पाणी तेच. फरक एकच: हिरव्या चाळीस कुंड्यांत टाकी नंबर एकचं खत होतं, करपलेल्या चाळीसमध्ये दोनचं. दोन्ही टाक्यांत कचरा त्याच घरांचा.

मग ईसी मीटर काढला. पेनाएवढं यंत्र असतं. खत पाण्यात कालवून त्यात बुडवलं की खारटपणा कळतो. एकचं रीडिंग ठीक होतं. दोनचं बघून मी मीटर पुसून परत बुडवला. आकडा तोच. स्ट्रॉबेरीला खारट अजिबात सोसत नाही. आधी पानांची कडा जळते, मग रोप.

पण उरलेल्या आमटी-भाजीतलं मीठ एवढं नसतं. टाक्या ढवळायचं काम सुनंदामावशींचं, म्हणून त्यांना विचारलं.

"ताई, दिवाळीनंतर अळ्या झालेल्या ना त्यात. सेक्रेटरीसाहेबांनीच पिशव्या आणून दिल्या, खडेमीठ. टाक म्हणाले, मी टाकलं." मग घाबरून म्हणाल्या, "माझं नाव नका हां घेऊ. काम जाईल माझं."

रविवारी परत मीटिंग. मी मावशींचं नाव घेतलं नाही. दोन्ही टाक्यांची रीडिंगं वाचून दाखवली आणि सरळ विचारलं, "साहेब, दोन नंबरच्या टाकीत अळ्या झाल्या, तेव्हा काय केलंत?"

"करणार काय? मीठ टाकायला लावलं!" ते अभिमानाने म्हणाले. "गावी आम्ही गोगलगायींवर मीठच टाकतो. केमिकल तर नाही ना टाकलं? मीठ नॅचरल आहे."

"समुद्रही नॅचरल आहे, साहेब. त्यात स्ट्रॉबेरी लावून दाखवा."

मागच्या रांगेतून महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई खो खो हसल्या. ठराव तिथेच बारगळला.

करपलेली रोपं उपटून मुळं धुतली आणि एक नंबरच्या खतात नव्याने लावली. सव्वीस जगली, चौदा गेली. हळदीकुंकवाला ज्यांना कुंडी मिळाली नाही त्यांना तिळाचे लाडू जास्त मिळाले, आणि त्याबद्दलची बोलणी सेक्रेटरींनी खाल्ली.

रिपोर्ट द्यायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, 'तांत्रिक कारण' एवढंच लिहा ना. पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याच सहीने होतं."

मी लिहिलं: "कारण – टाकी नंबर दोनमध्ये सेक्रेटरींच्या सांगण्यावरून टाकलेलं खडेमीठ." खाली सही केली, सहीपुढे पदवी लिहिली आणि कागद त्यांच्याच हातात दिला.

खतात अळ्या दिसल्या तर घाबरू नका. कचरा संपवायला आलेल्या असतात त्या. वर वाळलेला पाला टाका आणि झाकण लावा. आणि त्यांना मारायची फारच हौस आली, तर आधी ज्याला कळतं त्याला फोन करा. कॉन्ट्रॅक्ट असो वा नसो, मी फोन उचलते.