कोळ्यांवरचं व्याख्यान

"जा, आत जाऊन सांग त्यांना! हे व्याख्यान तुमच्यावर नाही म्हणावं!"

"का न्हाई? फळ्यावर तुमीच लिवलंय न्हवं, 'आपले कोळी'? लिवताना मोठ्यांदा वाचलंत. या कानानं ऐकलंय मी!"

"अगं बाई, कोळी म्हणजे किडा! आठ पायांचा!"

"किडा? किडा कुणाला म्हणताय, भाऊसो? आत माझा चुलत सासरा बसलाय फेटा बांधून!"

वाचनालयाच्या मागच्या दारात ग्रंथपाल भाऊसो घामाघूम झाले होते, आणि समोर बनुबाई हातातला झाडू खाली ठेवायला तयार नव्हती.

"आणि पायरीवरच्या खांबाचं ते जाळंही झाडलं नाहीस!"

"सकाळी झाडलं हुतं. परत झालं. मी काय करू?"

चौऱ्याहत्तर सालातला माघ महिना. उंब्रजपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. कोल्हापूरच्या विद्यापीठातले प्राध्यापक आपलं संशोधन साध्या माणसांना सांगायला गावोगाव येऊ लागले होते, आणि आज आमची पाळी होती. प्राणिशास्त्राचे मिरजे सर येणार होते. दोन मास्तर आणि चार पेन्शनर जमतील, असा भाऊसोंचा हिशेब. पण आत सतरंजीवर अख्खी कोळी आळी बसली होती, बायका-पोरांसकट.

ती बनुबाईनं आणली होती. सात वर्षांपूर्वी कृष्णेवर पूल झाला, आळीची माणसं पलीकडे नेणारी नाव बंद पडली, तेव्हापासून ती वाचनालय झाडायची आणि बाजाराला उंब्रजला मासे विकायची. अक्षर एक येत नव्हतं. पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, ते पाठीच्या रंगावरून सांगायची. सात वर्षांत आळीतलं दुसरं कुणी त्या पायऱ्या चढलं नव्हतं. "आपल्यावर बोलाय कोल्हापूरवरनं सायेब येतोय," असं तिनं दारोदार जाऊन सांगितलं होतं. आता ती माणसं अपमान होऊन उठली, तर तिला आळीत तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि इथं पुन्हा कुणी पाय ठेवला नसता.

"सांगतेस का मी सांगू?" भाऊसो म्हणाले.

"कुणी काय बी सांगायचं न्हाई!" म्हणत ती आत शिरली.

तोवर दिवा मालवला होता. समोर ताणलेल्या धोतरावर मिरजे सरांनी यंत्रातून पहिलं चित्र टाकलं. हे एवढं! केसाळ पाय, आठ डोळे! पोरं किंचाळली. सर उत्साहात म्हणाले, "हा आपला कोळी!"

तोच बनुबाईचे चुलत सासरे नाथाजी मामा, सत्तरीचे, आळीत त्यांच्यासारखं जाळं विणणारं कुणी नव्हतं, काठी आपटत उभे राहिले.

"बने! ह्यो आमी? हे दाखवाय आणलंस व्हय आमास्नी?"

माणसं उठायला लागली. बनुबाई दारात आडवी झाली.

"आवं मामंजी, थांबा! सर, तुमी सांगा. ही तर कातीन हाय. कातनारी, म्हनून कातीन. आमी सगळी हेच म्हनतो. तुमच्या बुकात तिला आमचं नाव कशापायी?"

सरांच्या लक्षात आता कुठं सगळं आलं. ते घाईनं पुढे आले, त्यांचीच सावली धोतरावर मोठी झाली.

"कारण ती जाळं विणते! तुमचं नाव तिला दिलंय, मामा. तिचं तुम्हाला नाही. आणि बाई, तुमचा शब्द जास्त बरोबर आहे बरं का. असलं गोल जाळं विणते ती मादीच. नर मोठा झाला की विणायचं सोडून देतो."

"मंग करतो काय?" बायकांतून आवाज आला.

"बायकोला भीत हिंडतो."

असा काय हशा उठला! आळीतल्या बयाबाईनं नवऱ्याला कोपरखळी मारली, "बगा, तुमचंच चाललंय!" उठलेली माणसं खाली बसली. नाथाजी मामा मात्र उभेच.

"ती सोताच्या जाळ्यात का अडकत न्हाई?" त्यांनी दरडावून विचारलं.

"वा!" सरांनी दुसरं चित्र सरकवलं. "हे आरे बघा, चाकासारखे मधून निघालेले. ते कोरडे. गोल फिरलेला धागा तेवढा चिकट. ती कोरड्यावर पाय ठेवून चालते."

"माज्या एका जाळ्यात दोन जातीचं सूत न्हाई," मामा पुटपुटले आणि पडद्याजवळ जाऊन गाठी निरखायला लागले.

आता बनुबाईला राहवेना. "सर, माजं बी एक हाय. पायरीवरच्या खांबाला रोज जाळं असतं. भाऊसो वरडले तर झाडते, न्हाईतर ऱ्हाऊ देते. ऱ्हाऊ दिलेलं बी दुसऱ्या दिवशी नवंकोरं दिसतं. मंग जुनं जातं कुठं? खाली धागा एक पडलेला न्हाई. मी झाडनारी, मला कळंल का न्हाई?"

सरांनी चष्मा काढला. "बाई, याच्यावर माझी तीन वर्षं गेली! ती जुनं जाळं खाते. आणि त्याचंच नवं विणते."

"खाती?"

"खाते!"

मग कुणी कुणाला आवरेना. कातिणीला माशी कळते तसा आपल्याला मासा कसा कळतो, दोरीला हिसका बसला की हाताला काय लागतं, हे माणसं सरांना सांगत होती आणि सर पाठकोऱ्या कागदावर लिहून घेत होते. सात वाजता संपायचं ते साडेआठ झाले. भाऊसो दाराशी किल्ल्या वाजवून दमले.

माणसं पांगली. नाथाजी मामा सर्वांत शेवटी बाहेर आले. बनुबाई पायरीशी उभी होती.

"मामंजी, मी तोंडघशी पाडलं का वो तुमास्नी?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खांबापासून भिंतीपर्यंत नवं जाळं लागलं होतं, बरोब्बर त्यांच्या फेट्याच्या उंचीवर. फेट्यावर हात ठेवून ते गुडघ्यात वाकले, जाळ्याखालून अलगद पलीकडे निघाले, आणि काठी टेकत आळीच्या वाटेला लागले.